मुंगीनं सूर्य गिळला ते कशात धरायचं? (अतिवास्तव आणि जादुई वास्तव)

तापीकाठ | सकाळी ९.१२

मंडळी, भुसावळला पदवीच्या पोरांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचंय. विषय अतिवास्तववाद आणि जादुई वास्तववाद. व्याख्या पुस्तकांत आहेत, पण त्या वाचून पोरं दोन्हींना 'काहीतरी विचित्र' म्हणतात आणि मोकळी होतात. मला हवंय ते असं:

कुठल्याही परिच्छेदाला लावून बघता येईल अशी एखादी कसोटी. कमी खर्चात हातानं करून बघण्यासारखे प्रयोग, पोरं चाळीस. आणि आपल्याकडचं उदाहरण. 'मुंगी उडाली आकाशीं' किंवा चांगदेवाला भेटायला निघालेली भिंत, हे यातलं काय?

खडू_डस्टर | ९.५०

आधी एक घोळ मिटवू. अतिवास्तववाद ही चळवळ होती. तिला जाहीरनामा होता, मासिक होतं, पॅरिसमध्ये कचेरी होती, सभासद होते आणि त्यांच्या हकालपट्ट्याही होत्या. जादुई वास्तववादाचं असं काही नाही. ते टीकाकारांनी चिकटवलेलं लेबल आहे, आधी जर्मनीत चित्रांना आणि मग लॅटिन अमेरिकेत कादंबऱ्यांना. एकीकडे पक्ष आणि दुसरीकडे आडनाव, तेव्हा दोन्ही एका तराजूत टाकले की गोंधळ होणारच.

'सुररिअल' हा शब्द फ्रेंच कवी अपोलिनेरचा, १९१७ सालचा. त्याला सिद्धांत दिला आंद्रे ब्रेताँनं, १९२४च्या जाहीरनाम्यात. ब्रेताँ वैद्यकीचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या वॉर्डात त्यानं काम केलं, तिथं फ्रॉइडची पद्धत वापरून पाहिली. रुग्णानं मनात येईल ते न अडखळता बोलत जायचं. हीच पद्धत त्यानं कागदावर आणली. जाहीरनाम्यातली व्याख्या म्हणूनच 'शुद्ध मानसिक स्वयंचलन' अशी आहे: विवेकाचा पहारा नाही, सौंदर्याची आणि नीतीची फिकीर नाही.

आता गंमत बघा. ही व्याख्या चित्र कसं *दिसतं* याबद्दल बोलतच नाही, ते कसं *झालं* याबद्दल बोलते. वितळलेलं घड्याळ काढलं की अतिवास्तव झालं, हा समज पोरांच्या डोक्यातून पहिल्या दहा मिनिटांत काढा. (चित्रकार दालीचं ते वितळलेल्या घड्याळांचं १९३१चं चित्र, बाय द वे, २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे. वहीच्या पानाहून थोडंसंच मोठं. भिंतभर पोस्टर बघून मोठे झालेल्यांना धक्का बसतो.)

मराठी शब्दाचाही त्रास आहे. 'अतिवास्तव' म्हटलं की 'फारच वास्तव' असं ऐकू येतं. मूळ अर्थ वास्तवाच्या वरचं. जागेपण आणि स्वप्न ही दोन्ही ज्यात विरघळतील असं एक तिसरं वास्तव ब्रेताँला हवं होतं. फळ्यावर एवढं लिहा, पुढे चला.

निसवण | १०.३१

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: बिलाची कसोटी. अशक्य गोष्ट घडली, ठीक. मग तिचं बिल कोण भरतं ते शोधा.

कोलंबियाच्या मार्केसच्या १९६७च्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीत सुंदर रेमेदिओस अंगणात चादरींच्या घड्या घालताना उचलली जाते आणि आकाशात जाते. चादरींसकट. त्यावर घरच्या सुनेची, फर्नांदाची तक्रार काय? चादरी गेल्या. ती देवाला विनवत राहते की माझ्या चादरी परत दे. जादुई वास्तव हे असं असतं. माणूस उडाला यावर घरात चर्चा नाही, कापडाच्या नुकसानीवर आहे. चमत्कार संसारात येतो आणि त्याला जमाखर्चाच्या वहीत जागा मिळते.

अतिवास्तवात वहीच नसते. दिग्दर्शक ब्युन्युएल आणि दालीनं १९२९च्या 'अँ शिएं आंदालू' या लघुपटाची पटकथा आठवड्याभरात लिहिली. नियम एकच होता, जिचं तर्कानं स्पष्टीकरण देता येईल अशी एकही कल्पना किंवा प्रतिमा घ्यायची नाही. तळहातातून मुंग्या निघतात. पुढच्या दृश्यात कोणी हात धूत नाही, औषध लावत नाही. मुंग्यांचं बिल कोणाच्याही नावावर फाटत नाही.

दुसरी खूण आकड्यांची. हत्ती उडताना दिसले म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, ४२५ हत्ती उडताना दिसले म्हटलं तर कदाचित ठेवतील, असं मार्केस एका मुलाखतीत म्हणाला होता. आजी ज्या निर्विकार चेहऱ्यानं गोष्टी सांगायची तो चेहरा सापडल्यावर कादंबरी सापडली, हेही त्याचंच. आपल्याकडच्या म्हाताऱ्या वेगळं काय करतात? 'मंग काय, नदी उठनी नि घरमा उनी', आणि पुढच्याच वाक्यात कुठल्या कोठीतली ज्वारी भिजली ते.

ठेचा_कमी | १०.४४

भो, नुसतं परदेशी नको. इथलं काहीतरी लिहून दाखवा.

निसवण | ११.२०

घ्या. केळीचा मळा, मे महिना, एकच प्रसंग तीन प्रकारे.

*पहिला:* सावद्याकडच्या एका मळ्यात ड्रिपच्या नळ्यांतून पाण्याबरोबर माणसांचे आवाज यायला लागले. पहिल्या दिवशी दोनच ओळींत. फिल्टर उघडून धुतला, ॲसिड सोडून नळ्या साफ केल्या, तरी आवाज तसेच. सातव्या ओळीत गेल्या साली वारलेल्या मोठ्या काकू निघाल्या, गुरांना पाणी दाखवलं का विचारत होत्या. धाकट्यानं त्या ओळीचा व्हॉल्व्ह अर्धा पिळून ठेवला, कारण तिथली केळी बाकीच्यांपेक्षा अकरा दिवस आधी निसवली होती आणि अकरा दिवसांच्या फरकासाठी व्यापारी दोनदा गाडी पाठवायला तयार नव्हता.

*दुसरा:* ड्रिपची नळी दात घासते, तिच्या दातांत एक लग्न अडकलंय, वऱ्हाडी फणी-फणीनं पिवळे होताहेत, काकूंचा व्हॉल्व्ह पापणी मिटतो नि पापणीत रेल्वे, रेल्वेत दुपार, दुपारीला केस आहेत.

*तिसरा:* त्याला नळीतून आवाज आला. तो दचकला. हे कसं शक्य आहे? जणू त्याचे पूर्वज मातीतून त्याला हाक मारत होते! तेवढ्यात त्याला जाग आली.

पहिला जादुई वास्तवाच्या वाटेवर. दुसरा अतिवास्तवाच्या. तिसरा कुठलाच नाही, आणि पोरं नव्वद टक्के वेळा तिसराच लिहितात, ते का फसतं ते नीट दाखवा. 'दचकला' म्हणताच वाचकाचं नवल पात्रानं वापरून टाकलं, वाचकाला काही उरलं नाही. 'जणू' आलं की घटनेची उपमा झाली. 'पूर्वज मातीतून' म्हटलं की अर्थ हातावर ठेवला. आणि 'जाग आली' म्हणजे झालेला सगळा खर्च माफ. पहिल्या उताऱ्यात बघा, अशक्य गोष्ट एकच आहे. फिल्टर, ॲसिड, व्हॉल्व्ह, व्यापारी, गाडी हे सगळं मळेवाल्याला रोजचं. साधारण एका अशक्याला पाच-सहा शक्य तपशील लागतात, आणि ते चुकले की गोष्ट तिथंच बसते. ड्रिपवाल्या मळ्यात मोटेचं पाणी आलं तर वाचक काकूंवरही विश्वास ठेवत नाही.

ठेचा_कमी | ११.३५

पहिल्याला पुष्पगुच्छ. पण मग काफ्का? माणूस सकाळी उठतो तर किडा झालेला. त्याची पहिली काळजी गाडी चुकली ही. तुमच्या कसोटीनं तर हा पास. आणि भुताची गोष्ट कुठं ठेवायची?

खडू_डस्टर | १२.०५

पास होतो, खरंच. पाचची गाडी गेली, कचेरीतून वरिष्ठ घरी येऊन उभा. 'ते स्वप्न नव्हतं' असंही निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणून जादुई वास्तववाले त्याला आपला आजोबा मानतात. पण कथा १९१५ची, तेव्हा ही दोन्ही लेबलं नव्हती. फरक असा दाखवता येईल: काफ्काकडं अशक्य गोष्ट फक्त एका माणसावर येते आणि त्याला जगातून बाहेर ढकलते. मार्केसच्या गावात ती सगळ्या गावाची असते.

भुताच्या गोष्टीसाठी टीकाकार तोदोरोवची १९७०ची मांडणी वापरा. भूत खरं की भास, हे शेवटपर्यंत ठरत नाही, त्या घुटमळण्यावरच तो प्रकार जगतो. जादुई वास्तवात घुटमळणं नसतं. मेक्सिकोच्या रुल्फोच्या १९५५च्या 'पेद्रो पारामो' या कादंबरीत सगळं गावच मेलेल्यांचं आहे, आणि मेलेले जमिनीच्या, कर्जाच्या, बापाच्या तक्रारी करतात. तिथं 'भूत आहे का' हा प्रश्न विचारायला जिवंत कोण उरलंय?

सोपट | १.१८

आता हाताच्या कामाचं. चाळीस पोरं, दोन तास, तर प्रयोग तीनच ठेवा.

घासचित्र. चित्रकार माक्स एर्न्स्टनं १९२५च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खानावळीत झिजलेल्या लाकडी फरशीवर कागद ठेवून शिसं घासलं, तिथून हे सुरू झालं. पुढच्या वर्षी त्यातून ३४ चित्रांचा संच निघाला. आपल्याला लागेल: झेरॉक्सचा साधा ७०-७५ जीएसएमचा कागद, माणशी चार. ६बी पेन्सिल, किंवा मेणखडू आडवा धरून. खाली ठेवायला सागाचं वाळकं पान (पालथं, शिरा वर), बारदान, बाजेची सुतळी, जुनी फळी, वाळलेलं केळीचं सोपट (खोडाची साल). सोपट खडखडीत वाळलेलं हवं. ओलसर असेल तर चीक कागदाला लागतो आणि थोड्या वेळानं तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. कपड्यांवरचेही नाही, हे इथं कोणाला सांगायला नको.

कार्डशीट किंवा चित्रकलेच्या वहीचा जाड कागद घेऊ नका, पोत वर येत नाही, मग पोरं जोर लावतात आणि फक्त कडा उमटतात. पेन्सिल तिरकी, एकाच दिशेनं, हलक्या हातानं.

खरी चूक मात्र पुढे होते. पान घासलं की पान दिसतं. पोरगं म्हणतं, 'सर, पान आलं.' तो छाप झाला, चित्र नव्हे. म्हणून नियम: एकाच कागदावर निदान तीन वेगळे पोत, प्रत्येक वेळी कागद फिरवायचा, थोडं एकावर एक येऊ द्यायचं. मग कागद उलटासुलटा धरून दोन मिनिटं नुसतं बघत बसायचं, बोलायचं नाही. काही दिसलं, पक्षी, जबडा, डोंगर, तर जास्तीत जास्त पाच रेषा घालून ते मोकळं करायचं. सहावी रेष घातली की 'मी पक्षी काढला' सुरू होतं. काय काढायचं ते आधी ठरवून घासणाऱ्याचा कागद बाजूला ठेवा. चित्र वाईट असतं म्हणून नव्हे, प्रयोग झालेला नसतो म्हणून.

दाबचित्र. चित्रकार ऑस्कार दोमिंगेझची १९३५-३६ची युक्ती. गुळगुळीत आर्टपेपरवर काळा पोस्टर रंग, त्यावर दुसरा कागद दाबायचा आणि सोलून काढायचा. प्रवाळ, गुहा, जंगल असं काय काय उमटतं. रंग साईच्या दह्याइतका दाट. पातळ झाला तर नुसता डाग, घट्ट झाला तर कागद फाटतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत पंख्याखाली रंग अर्ध्या मिनिटात सुकतो, कागद चिकटतो. तेव्हा सकाळची वेळ, पंखा बंद, आणि रंग लावल्यापासून सोलेपर्यंत वीस सेकंद. जोडीनं करा, एकानं लावायचं, दुसऱ्यानं लगेच दाबायचं.

कोलाज वेळ उरला तर. एर्न्स्टनं जुन्या सचित्र कादंबऱ्यांतली कोरीव चित्रं कापून नवी जोडली, १९३४ साली त्यांची अख्खी 'कादंबरी' काढली. त्यातली कळ अशी की सगळं साहित्य एकाच छपाईचं, त्यामुळे सांधा दिसत नाही. पोरं रंगीत मासिक, वर्तमानपत्र आणि लग्नपत्रिका एकत्र डकवतात, मग सांधाच बोलतो. एकाच जुन्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकाच्या प्रती घ्या, डकवून झाल्यावर झेरॉक्स मारा. झेरॉक्समध्ये कडेची पांढरी रेघ दिसत असेल तर कापलेल्या कडेला मागून काळ्या पेननं हात फिरवा.

शिरोरेघ | २.०२

लेखनाचे दोन प्रयोग माझ्याकडून, कारण मराठीत ते जसेच्या तसे चालत नाहीत.

*स्वयंलेखन.* ब्रेताँ आणि सुपो यांनी १९१९ मध्ये अशा पानांचं पुस्तक लिहिलं, वेगवेगळ्या वेगानं. जाहीरनाम्यात कृतीच दिली आहे: निवांत जागी बसा, विषय ठरवू नका, भरभर लिहा, मागं वळून वाचू नका. आणि अडलातच, तर पुढच्या शब्दाला कुठलंही एक अक्षर द्या, उदाहरणार्थ 'ल', आणि तिथून सुरू करा. हा 'ल' फार कामाचा आहे. फळ्यावर मोठा काढून ठेवा.

मराठीतल्या अडचणी तीन. शिरोरेघ देत बसलं की हात मंदावतो आणि डोकं पुढे पळतं, म्हणून रेघेविना, गचाळ लिहू द्या. मोबाइलवर नको, पुढचा शब्द तो स्वतः सुचवतो, मग अबोध मन कंपनीचं. तिसरी अडचण कानाची. आपल्या कानात ओवी-अभंग इतके मुरलेत की तिसऱ्या मिनिटाला यमक यायला लागतं. यमक हाही पहारेकरीच. आलं की 'ल'. बारा मिनिटं पुरेत, पहिली चार शुद्धीवरची असतात, ती खोडून टाकायला सांगा.

*सुंदर प्रेत.* १९२५च्या सुमाराचा खेळ. कागद दुमडून प्रत्येकानं एकेक शब्द लिहायचा, आधीचा बघायचा नाही. पहिल्या वाक्यावरून नाव पडलं: 'सुंदर प्रेत नवी दारू पिईल.' फ्रेंच क्रम नाम, विशेषण, क्रियापद, नाम, विशेषण. मराठीत हा क्रम ठेवलात तर वाक्य लंगडतं. आपला क्रम: विशेषण, नाम, विशेषण, नाम, क्रियापद. पाच जण, म्हणजे चाळीस पोरांचे आठ गट.

पण लिंग आडवं येतं. एकानं 'काळा' लिहिलं, दुसऱ्यानं 'म्हैस', की झाला 'काळा म्हैस' आणि सगळे व्याकरणावर हसतात, प्रतिमेवर नाही. उपाय: विशेषणं फक्त न बदलणारी. लाल, उदास, बेवारस, गरम, सरकारी, तिरसट, पोकळ. 'आ'कारान्त बंद. क्रियापद वर्तमानकाळात घेतलं तरी 'पितो-पिते' अडतं. भविष्यकाळ तृतीयपुरुषी एकवचन घ्या: पिईल, शिवेल, चावेल, विकेल. तो, ती, ते, तिघांना चालतं. मूळ फ्रेंच वाक्यातही क्रियापद भविष्यकाळातच आहे, त्यामुळे बाटवल्याचं पापही नाही. दुसरं नाम निर्जीव ठेवा, म्हणजे 'ला' लावावा लागत नाही.

ओवीमोडी | ३.४०

तिसरा प्रश्न सगळे टाळताय.

मुंगी उडाली आकाशीं । तिणें गिळीलें सूर्यासी ॥
थोर नवलाव जाहला । वांझे पुत्र प्रसवला ॥
विंचु पाताळासी जाय । शेष माथा वंदी पाय ॥
माशी व्याली घार झाली । देखोन मुक्ताई हांसली ॥

अतिवास्तव आहे का? प्रतिमा सुटी काढून कोणाला दाखवली तर तो हो म्हणेल. फ्रेंच कवी लोत्रेआमोंचं ते १९व्या शतकातलं वाक्य, चिरफाडीच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची अवचित भेट, अतिवास्तववाद्यांनी डोक्यावर घेतलं. त्याहून मुंगी आणि सूर्य काय कमी आहे? पण खडू_डस्टर यांचंच म्हणणं लावा: ते झालं कसं? हे कूट आहे. कूटाला उकल असते. सूक्ष्मानं स्थूलाला गिळणं, हा साधनेचा अनुभव सांकेतिक भाषेत ठेवलाय. 'वांझेचा पुत्र' तर आपल्या तर्कशास्त्रातलं अशक्याचं ठरलेलं उदाहरण, पाठशाळेत घासून गुळगुळीत झालेलं. 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव' हेही त्याच घराण्यातलं. इथं विवेकाचा पहारा उठलेला नाही. उलट पहारेकरीच कोडं घालतोय.

जादुई वास्तव? दुसरी ओळ वाचा: 'थोर नवलाव जाहला.' नवल झालं म्हणून दवंडीच पिटली. निर्विकार चेहरा कुठाय? आणि शेवटी मुक्ताई हसते. ते हसू ना स्वप्नातलं ना संसारातलं, ज्याला कोडं सुटलंय त्याचं आहे. पोरांना कोथळी-मुक्ताईनगरला नेलंत तर तिथं देवळात उभं राहून हे वाचा, पण खाली 'भारतीय अतिवास्तववाद' असं लेबल लावू नका, हात जोडून विनंती.

तापीकाठ | ४.०५

आणि भिंत?

ओवीमोडी | ४.२६

चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन येतात, भावंडं भिंतीवर बसून सामोरी जातात. हा चमत्कार आहे आणि चमत्काराला काम असतं. तो कोणाचं तरी मोठेपण सिद्ध करतो, कोणाचा तरी गर्व उतरवतो. सिद्ध झालं की तो संपला. जादुई वास्तवातली गोष्ट काहीच सिद्ध करत नाही, ती नुसती होते आणि मग निस्तरावी लागते.

निसवण यांचं बिल इथं लावा. भिंत गेली. मग त्या घराचं काय झालं? वारा आत आला का? शेजाऱ्यांनी आत डोकावलं का? भिंत परत आली ती त्याच जागी बसली की चार बोटं सरकली? संतचरित्र हे विचारत नाही, विचारायचं कारणच नाही. हाच पोरांचा गृहपाठ करा: भिंत गेलेल्या घरातली ती दुपार, दोनशे शब्द, चांगदेवाचं नावही यायला नको.

निसवण | ४.३१

हे मी चोरणार.

ठेचा_कमी | ५.१५

सगळं ठीक, पण एक शंका खुपते. देशीवादाचा उद्घोष करणारा लेखक, नेमाडे, आपल्या यावल तालुक्यातला, आणि आपण पॅरिसचा माल मापतोय. कानबाई आपल्या घरी येते, रोट होतात, काठीची होळी पेटते, देवमोगऱ्याची जत्रा भरते. आपलं वास्तव आधीच जादुई असताना हे वाद आयात कशाला?

निसवण | ६.०२

भाऊ, तुम्ही जे बोललात तेच अलेहो कार्पेंतिएर १९४९ साली बोलला, म्हणून तर जादुई वास्तव उभं राहिलं. हा क्युबाचा माणूस. १९२८ला पॅरिसला पळाला, अकरा वर्षं अतिवास्तववाद्यांत उठला-बसला, १९३०ला ब्रेताँविरुद्धच्या पत्रकात सहभागी झाला. १९४३ला हैतीला गेला आणि त्याला वाटलं, हे पॅरिसवाले अद्भुत गोष्टी नेमानं *बनवतात*, इथं त्या आहेतच. १९४९च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यानं त्या छत्री-शिवणयंत्राची टर उडवली. म्हणजे दोन्हींतलं नातं बापलेकाच्या भांडणाचं आहे. लेकानं बापाची हत्यारं नेली आणि म्हणाला, तुझं स्वप्न म्हणजे माझं गाव.

त्या कादंबरीतला एक प्रसंग वर्गात घ्याच. हैतीतल्या गुलामांचा पुढारी मकांदाल, १७५८ मध्ये त्याला जाळलं, हा इतिहास. कादंबरीत दोर सुटतो, तो गर्दीवरून उडतो, गुलाम ओरडतात, 'मकांदाल वाचला!' त्या गोंधळात सैनिक त्याला धरून पुन्हा आगीत टाकतात, ते फार थोड्यांना दिसतं. गुलाम हसत घरी जातात. निवेदक कुणाला खोटं पाडत नाही. एकाच चौकात दोन वास्तवं, आणि कुठलं दिसेल ते तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर.

पण धोकाही तिथंच आहे. 'आपलं वास्तव आधीच जादुई' हे वाक्य बोलतो कोण? ज्याच्या घरी कानबाई आलीय त्याला ती जादू नाही, पाहुणी आहे. रोटाला दळण किती, ते आधी काढावं लागतं. सातपुड्यातली काठी गावची होळी अद्भुत म्हणून विकणारा बाहेरचा असतो. कार्पेंतिएरवरही हाच आक्षेप आहे: अद्भुत कोणाच्या डोळ्यांना? पोरांनी गावाकडचं काही घेतलं तर 'गूढ', 'अद्भुत', 'आदिम' हे तीन शब्द बंद करा. परिच्छेद आपोआप सुधारतो.

खडू_डस्टर | ७.४४

चित्रकलेचा एक फाटा राहिला, तो न सांगता सोडलात तर कोणीतरी हुशार पोरगं अडवेल. 'जादुई वास्तव' हा शब्द फ्रान्स रोह या जर्मन टीकाकारानं १९२५ला पुस्तकाच्या नावात वापरला, तो चित्रांसाठी. त्या चित्रांत काहीच उडत नाही. कुंडीतलं झाड, रिकामी खोली, बसलेली बाई, सगळं कोरडं, स्वच्छ, प्रत्येक कड धारदार. इतकं स्पष्ट की ओळखीची वस्तू परकी वाटावी. त्याच वर्षी मानहाइमला 'नवी वस्तुनिष्ठता' नावाचं प्रदर्शन भरलं, चित्रकार बरेचसे तेच. पुढे दुसरं नाव टिकलं, रोहचं मागं पडलं. पण १९२७ला माद्रिदच्या एका मासिकात त्याचं स्पॅनिश भाषांतर आलं आणि शब्द समुद्र ओलांडून गेला. १९४८ला व्हेनेझुएलाच्या उस्लार पिएत्रीनं तो कथांना लावला. तोवर आतला माल पूर्ण बदललेला.

म्हणून 'जादुई वास्तववादी चित्र' आणि 'जादुई वास्तववादी कादंबरी' यांत नावापलीकडं फारसं साम्य शोधू नका. दोन्हींकडं एकच माणूस हक्कानं बसतो, इटालियन चित्रकार दे किरिको. त्याचे रिकामे चौक, लांब सावल्या रोहलाही हव्या होत्या आणि ब्रेताँलाही.

इथलं उदाहरण हवं तर चाळीसगावला केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं दाखवा. टेबलावर मांडलेलं छोटं जग, पण फोटोत अख्खा निसर्ग. ते अतिवास्तव नाही, कारण सगळी करामत खरं वाटावं यासाठी आहे. पण 'मांडलेलं' आणि 'सापडलेलं' यातला फरक कळायला त्याहून चांगला धडा नाही.

मराठी कविता-कथा: मर्ढेकरांचे ओल्या पिंपात मेलेले उंदीर अतिवास्तव म्हणून शिकवतात, मला पटत नाही, त्या कवितेचा लगाम एक क्षणही सुटलेला नाही. कोलटकरांच्या सुरुवातीच्या मराठी कविता आणि विलास सारंगांच्या कथा घ्या, सारंगांत काफ्काही दिसेल.

तापीकाठ | रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. आराखडा: वीस मिनिटं तीन परिच्छेद, पस्तीस मिनिटं घासचित्र, पंचवीस मिनिटं स्वयंलेखन आणि सुंदर प्रेत, मग मकांदाल, मग मुंगी. भिंत घरी. दाबचित्र आणि कोलाज गाळतोय. शिरोरेघ यांच्या नियमानं घरच्या पाच जणांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, जसं आलं तसं:

बेवारस गिरणी उदास हळद चघळेल.
सरकारी कोंबडा पोकळ पाऊस शिवेल.
तिरसट घागर लाल व्याकरण विकेल.
गरम मेव्हणा ओलं वेळापत्रक नेसेल.

शिरोरेघ | ९.४१

चौथ्यात 'ओलं' कसं शिरलं? बदलणारं विशेषण आहे, वेळापत्रक नपुंसकलिंगी निघालं म्हणून वाचलात. 'ओलसर' करा. मेव्हण्याला हात लावू नका.